ओल्या रुमालाचं टोक

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या संडे स्कूलच्या बाईंचं नाव घेतो. उज्जैनच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत मराठी घरं त्यांना बाई म्हणायची आणि हिंदी घरं अम्मा. नगरकडून लग्न होऊन त्या इकडे आल्या, सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि यजमान गेल्यावर फ्रीगंज भागात एकट्या राहू लागल्या. माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. आधी ते एका लहान स्टेशनावर होते, तिथल्या तहसिलीच्या शाळेत मी हिंदीतून शिकलो. वडिलांची बदली उज्जैनला झाली तेव्हा संडे स्कूलचं माझं वय सरलं होतं, पण बाईंनी मला त्यांच्या वर्गात मुलांना गाणी शिकवायला घेतलं आणि त्या निमित्ताने स्वतः मला शिकवलं.

बाईंची एक सवय होती. रंगीत कापड घेताना त्या पिशवीतून पांढरा रुमाल काढायच्या, त्याचं टोक पाण्यात भिजवायच्या आणि कापडाच्या कोपऱ्यावर घासून बघायच्या. रंग रुमालावर उतरला की कापड परत. पुष्कळ बायका असं करतात, पण बाई हे दुकानदाराच्या डोळ्यांत बघत करायच्या. एका नाताळाच्या आधी वेदीच्या मेजावर घालायला भैरवगढच्या छापाची चादर घ्यायला आम्ही टॉवर चौकात गेलो होतो. दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात बाईंनी रुमाल बुडवला, तसा तो दुखावला.

"अम्मा, बरसों से आ रही हो. हम पर विश्वास नहीं?"

"विश्वास है, तभी तो घिस रही हूँ," बाई म्हणाल्या. "न होता तो दुकान में पैर ही न रखती."

दुकानदार हसला. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत, त्यांचं घासणं चालू होतं. रुमाल पांढराच राहिला आणि चादर आमच्याबरोबर आली. बाईंचं ते वाक्य पुढे मला किती पुरणार आहे, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

तेव्हा माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा जवळ आलेली. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. वडिलांनी रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, दारातून आत येताच दिसेल अशा जागी, भिंतीत एक खिळा ठोकून ठेवला होता. पदवीची तसबीर लावायला. परीक्षा व्हायची होती, पण खिळा तयार होता. आई त्यावर कधी कॅलेंडर अडकवायला गेली तर वडील म्हणायचे, "ती जागा राखीव आहे." आरक्षणाच्या डब्याबद्दल बोलावं तसं.

आमच्या मंडळीत नव्या वर्षाच्या सकाळच्या उपासनेनंतर वचन काढायची रीत होती. एका लाकडी पेटीत शास्त्रवचनांच्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या असायच्या. प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायची, ते त्याचं वर्षाचं वचन. म्हातारी माणसं ती चिठ्ठी चष्म्याच्या डबीत जपून ठेवायची. त्या वर्षी माझ्या हाती आलेल्या वचनात देव एका माणसाला सांगतो की तू आपला देश आणि बापाचं घर सोडून मी दाखवीन तिकडे जा. वाचताना माझ्या अंगावर शहारा आला. मी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुवायला टाकण्याआधी दर वेळी ती काढून घेत राहिलो.

मग थंडी सरत असताना शहरात एक उपदेशक आले. ते दिवस असे होते की रोज काहीतरी नवं उज्जैनला पोचायचं. टॉवर चौकात कॉम्प्युटर क्लासचे फलक लागले होते, एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या गल्लोगल्ली दिसायच्या, गच्च्यांवर डिशच्या थाळ्या उगवल्या होत्या. हे उपदेशकही तसेच नवे वाटले. मोठा मंडप, मोठाले लाउडस्पीकर, कीबोर्डवर गाणी. आमच्या मंडळीत बाजाच्या पेटीवर संथ चालीत गायलेलं ऐकलेला मी. पण खरं सांगतो, मला त्यात नुसती रोषणाई दिसली नाही. त्या माणसाच्या आवाजात कळकळ होती. हजेरी लावायला आलेले लोक रडत होते आणि एकमेकांची क्षमा मागत होते.

प्रार्थना चालू असताना ते व्यासपीठावरून खाली उतरले, रांगांमधून चालत आले आणि माझ्यासमोर थांबले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, मैं तेरे पाँव में नए जूते देख रहा हूँ. तू इसी साल अपने बाप का घर छोड़ेगा. देर मत करना."

खिशातली चिठ्ठी त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. माझा हात खिशावर गेला. विश्वाचा कर्ता रेल्वे कॉलनीतल्या एका मुलाचा पत्ता शोधत आला, असं मला वाटलं.

सभेनंतर त्यांच्या माणसांनी सांगितलं की आठवड्याच्या शेवटी त्यांची गाडी पुढच्या गावांना निघेल, जे बोलावले गेले त्यांनी बरोबर यावं. म्हणजे परीक्षा सोडायची. घरी येऊन मी सांगितलं. वडील जेवत होते. त्यांनी घास हातात तसाच धरला.

"देवानं सांगितलं?"

"हो."

"मग मी काय बोलू," ते म्हणाले आणि उरलेलं जेवण त्यांनी पूर्ण केलं, कारण अन्न टाकत नसत. सकाळी उठलो तर खिळ्यावर त्यांचा ड्यूटीचा कोट लटकत होता. आई स्वयंपाकघरात माझ्या वाटेसाठी शेव तळत होती आणि पदराने डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, "तेलाचा धूर आहे."

मी आशीर्वाद घ्यायला बाईंकडे गेलो. त्या अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, चिठ्ठी दाखवली. वाटलं, त्या आनंदाने उठतील. त्यांनी चिठ्ठी वाचून परत दिली आणि सूप माझ्याकडे सरकवलं.

"खडे काढ. हात चालू असले की तू कमी बोलतोस."

मी खडे काढू लागलो.

"रसायनशास्त्राचा पेपर कसा जाईल?" त्यांनी विचारलं.

"बाई, मी देवाच्या पाचारणाबद्दल सांगतोय."

"मी पण त्याबद्दलच विचारतेय. कसा जाईल?"

मी पुन्हा खडे शोधू लागलो. प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मी आतापर्यंत स्वतःलाही दिलं नव्हतं. त्या पेपराची मला इतकी धास्ती होती की पुस्तक उघडलं की मी ते लगेच मिटायचो. नापास झालो तर तो खिळा रोज माझ्याकडे बघणार होता.

"भीती वाटते," मी म्हणालो.

"बरं. म्हणजे बोलावणं आहे आणि भीतीपण आहे. दोन्ही एकाच सुपात." बाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "अरे, पळून येणाऱ्यालाही देव जवळ घेतो. पण शास्त्रातली ती दासी रानात पळून आली, तिला त्यानं आधी विचारलंच ना, कुठून आलीस आणि कुठे चाललीस? तुला कुणी विचारलं का?"

"म्हणजे ते खोटं बोलले, असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय वाटतं याला काय किंमत आहे? उद्या सकाळी त्यांनाच जाऊन विचारू."

"बाई, देवाच्या माणसाची परीक्षा घ्यायची?"

"तू चादर आणायला होतास ना माझ्याबरोबर?" त्या म्हणाल्या. "त्या दुकानदाराला राग आला. देवाला येत नाही. तो म्हणतो, घास बाई, हवं तेवढं घास."

दुसऱ्या दिवशी आम्ही देवास गेट बसस्टँडजवळच्या एका लॉजवर गेलो. उपदेशक बनियनवर बसून पोहे खात होते. दिवसाच्या उजेडात, माईकशिवाय, ते थकलेले आणि वयस्कर दिसले. आम्हाला बघून त्यांनी घाईने शर्ट घातला आणि आमच्यासाठी पोहे मागवले. बाईंनी ते नीट खाल्ले, शेव थोडी मऊ पडली आहे असंही सांगितलं. मग प्लेट खाली ठेवली.

"आपने उस दिन इस लड़के से जो कहा, वह किसने कहलवाया?"

"प्रभु ने, अम्मा."

"पक्का?"

त्यांनी चमचा पोह्यांत फिरवला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"झगड़ने नहीं आई हूँ," बाई मऊपणाने म्हणाल्या. "मुझे लौटकर इसके बाप को बताना है. वह कभी नहीं पूछेगा, इसलिए मैं पूछ रही हूँ."

खालच्या रस्त्यावर बसचा कंडक्टर इंदूर, इंदूर ओरडत होता. उपदेशकांनी चमचा प्लेटमध्ये ठेवला. ते खिडकीकडे वळले.

"अम्मा, इसे देखा तो मुझे अपना लड़कपन याद आया. मैं भी ऐसे ही आँखें फाड़कर आगे की लाइन में बैठता था. फिर जूते दिखे. प्रभु ने दिखाए या मेरी याद ने..." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आप पूछ रही हैं तो सच कहूँ. नहीं मालूम."

मंडपात इतके लोक, इतका आवाज आणि खिशावर गेलेला माझा हात. इथे तसं काहीच नव्हतं. पण 'नहीं मालूम' हे शब्द त्या माणसाच्या तोंडून आले आणि मला पायातल्या चपला काढून ठेवाव्याशा वाटल्या. हजारोंसमोर बोलणारा माणूस एका म्हातारीसमोर खरं बोलण्यासाठी इतका लहान झाला होता, आणि त्यामुळेच मला तो मंडपातल्यापेक्षा मोठा दिसत होता. माझा देवही त्या खोलीत मोठा झाला. तोपर्यंत मला वाटायचं की प्रश्न विचारला तर तो नाहीसा होईल. आज प्रश्न विचारला गेला होता आणि तो तिथेच होता, पोह्यांच्या प्लेटांच्या मध्ये.

बाईंचे डोळे भरले. "यह जो अभी बोले," त्या म्हणाल्या, "यह उसी ने बुलवाया. इसमें मुझे शंका नहीं."

मग उपदेशकांनी बाईंना स्वतःसाठी प्रार्थना करायला सांगितलं. त्यांनी माझ्या नव्हे, स्वतःच्या डोक्यावर बाईंचा हात ठेवून घेतला.

परतताना टेम्पोत मी विचारलं, "आता मी काय करू?"

"ते तू ठरव. आत्ता कुठे तू ठरवायच्या जागी येऊन बसलास."

"पण तुम्ही सांगा ना."

"मी सांगितलं की माझ्या बोलण्याची होईल तुझी आणखी एक चिठ्ठी," बाई म्हणाल्या. "जे ठरवशील ते मला कागदावर लिहून कळव. तोंडी बोललास की फार मोठमोठं बोलतोस."

मी घरी गेलो. आईने तळलेली शेव डब्यात होती. ती घेऊन मी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसलो. ते मिटावंसं वाटलंच. पण आता ही भीती आहे हे मला ठाऊक होतं, मी तिला दुसरं नाव देत नव्हतो. वडील ड्यूटीवरून आले, त्यांनी पुस्तक पाहिलं आणि काहीही न विचारता खिळ्यावरचा कोट काढून दाराच्या मागे टांगला.

बाईंना पत्र लिहायला मला परीक्षेनंतरही कितीतरी दिवस लागले. ते असं होतं.

प्रिय बाई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुम्ही लिहून कळवायला सांगितलं होतं. मी पास झालो. रसायनशास्त्रात काठावर, पण झालो. पदवीचा कागद यायला वेळ आहे. वडिलांनी तोवर खिळा काढून पुन्हा ठोकला, आधी तो वाकडा होता म्हणे.

हे पत्र मी झाबुआकडच्या एका शाळेतून लिहितो आहे. इथे आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहतो आणि विज्ञान शिकवतो. शाळेचं कळलं तेव्हा अंगावर शहारा आला नाही. मी पाळकांना विचारलं, वडिलांना विचारलं, आणि तुम्ही विचारलं असतं ते स्वतःलाही विचारलं, की तू कशापासून पळतोयस. पळण्याचं काही कारण सापडलं नाही, तरी थोडे दिवस थांबलो. थांबल्यावरही जावंसंच वाटत राहिलं. जितक्या वेळा घासून बघितलं तितक्या वेळा रुमाल पांढराच राहिला. मग अर्ज केला.

निघायच्या दिवशी वडील स्टेशनावर आले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता. उघडला तर आत नवे काळे बूट. मास्तरला चपला शोभत नाहीत म्हणाले. मंडपातली गोष्ट मी घरी पूर्ण सांगितली नव्हती, बुटांबद्दल तर कुणालाच नाही, फक्त तुम्हाला. मी फलाटावरच ते घातले आणि तसाच खाली वाकून राहिलो. वडिलांना वाटलं, चावतायत.

बाई, तेच बूट होते का ते? चिठ्ठीतलं ते घर सोडणं हेच होतं का? मी रोज सकाळी नाड्या बांधताना विचार करतो. मला माहीत नाही. आणि 'माहीत नाही' असं तुम्हाला लिहिताना मला भीती वाटत नाही, देव जवळच आहे असं वाटतं.

सुट्टीत येईन तेव्हा गहू निवडू.

तुमचा विद्यार्थी