तिसरा ढीग

गयाबाई कचऱ्याची पिशवी उघडण्याआधी तिच्यावर तळहात ठेवायच्या. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्यायच्या. नगरपंचायतीत स्वच्छता निरीक्षक म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात मी हे पाहिलं आणि सरकारी आवाजात ओरडले, "हातमोजे कुठायत तुमचे?" त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "मोज्यातनं कळत न्हाई, मॅडम."

काय कळत नाही, हे विचारायला हवं होतं. पण मी तेव्हा नवी होते, बीएस्सी होते, आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं एक लहानसं तालुक्याचं ठिकाण. पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला गाव संपलं की कचरा डेपो लागतो. एक पत्र्याची शेड, तारेचं कुंपण आणि चार बाभळी. घंटागाडी सकाळी गावभर फिरून तिथं रिकामी व्हायची आणि गयाबाई निवडायला बसायच्या. काटक बाई, पन्नाशीच्या पुढची, कपाळ मोकळं, आणि बोलणं एवढं कमी की दिवसभरात चार वाक्यं झाली तर दत्ता ड्रायव्हर म्हणायचा, "आज बाईचं लई तोंड चाललंय." ओल्याचा ढीग खड्ड्याशी, सुक्याचा शेडमध्ये भंगारवाल्यासाठी. आणि शेडच्या मागे, सावलीला, एक तिसरा ढीग.

या तिसऱ्या ढिगाचा उल्लेख कुठल्याही सरकारी परिपत्रकात नाही. त्यात कपडे असायचे, उशा, चादरी, एखादी काठी, चष्म्याचं घर. धडधाकट कापड भंगारात न देता तिथं का पडलंय, म्हणून मी फैलावर घेतलं, तर म्हणाल्या, "ते गेलेल्या माणसांचं हाय."

आमच्याकडे मयताचं अंथरूण-पांघरूण पूर्वी गावाबाहेर नेऊन टाकत. घंटागाडी दारात यायला लागल्यापासून कोण एवढं चालतंय? लोक काळ्या पिशवीत भरून, वरून दोन वर्तमानपत्रं कोंबून गाडीत देतात. गयाबाई ते सगळं वेगळं काढायच्या आणि सर्वपित्री अमावस्येला बाभळींच्या पलीकडे खड्डा करून पुरायच्या.

"जाळून टाका की," मी म्हटलं.

"माणूस येकदा जळालं न्हवं? आता पुन्यांदा कावून जाळायचं? आन ज्यास्नी पुरत्यात, त्यांचं तर येकदाबी जाळू न्हाई."

"गयाबाई, यातलं निम्मं पॉलिस्टर आहे. ते मातीत कुजत नाही."

"न कुजू द्या. वाट बगंल."

कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही. भर सकाळी माझ्या मानेवर काटा आला आणि तो लपवायला मी मस्टर मागितलं.

ओळखायच्या कशा? मी पाळत ठेवून पाहिलं. पिशवीवर नाव नसतं. एकाच घरातून दोन साड्या आल्या, दोन्ही विटलेल्या, तरी एक भंगारात जायची आणि एक मागे. एकदा त्यांनी अंगठ्याला दोऱ्याने शिवलेली चप्पल मागे नेऊन ठेवली. ती मी ओळखली. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींची होती.

"अहो, गुरुजी ठणठणीत आहेत! आत्ता पोस्टापाशी भेटले मला. नवी चप्पल घातली होती."

"आसतील की," गयाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या हितंच."

पंधरवड्यात गुरुजी गेले. आता गुरुजी ऐंशीला टेकलेले, साखर कधी आटोक्यात नाही. कुठल्याही डॉक्टरने सांगितलं असतं. मी स्वतःला हेच सांगितलं. दत्ताने मात्र गावाला दुसरंच सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते आठवून मला आजही हसू येतं, आणि हसता हसता थांबायला होतं. जनजागृतीसाठी आम्ही भिंती रंगवल्या होत्या, शाळेतल्या मुलींना ओला-सुका कचऱ्यावर नाच बसवून दिला होता, काही उपयोग झाला नव्हता. गयाबाईंच्या ढिगाची बातमी फुटली आणि महिन्याभरात गाव कचरा वेगळा करायला लागलं! जुने कपडे लोक पिशवीत कोंबेनात. बायका गाडीपाशी येऊन दत्ताच्या हातात शर्ट द्यायच्या आणि वर बजावायच्या, "हे आमच्या ह्यांचं हाय, ह्ये जिते हायेत, सांग तिला नीट." जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांनी आमचं कौतुक केलं. यशाचं गमक काय, असं विचारलं तेव्हा मी 'लोकसहभाग' म्हणाले.

मग डेपोवर कचरा जाळायची भट्टी आली. उंच धुराडं, निळा रंग. आता वेगळं काढायची गरज नाही, येईल ते तोंडात लोटा, दुसऱ्या दिवशी मूठभर राख, असं आम्हाला समजावण्यात आलं. साल, भाजी, प्लॅस्टिक, काच, सगळं एकत्र जायला लागलं. ओलं असल्यामुळे ती धडपणे पेटायची नाही आणि पेटली की बाजूच्या रानातली माणसं खोकत भांडायला यायची. गावानेही वेगळं करणं सोडलं. जळायचंच आहे तर कशाला? गयाबाईंना पेठेतल्या रस्त्यावर झाडायला लावलं. तरी त्या रोज पहाटे उठून आपलं झाडकाम उरकायच्या आणि भट्टी पेटायच्या आधी डेपोवर हजर. पिशव्यांवर हात ठेवत जायच्या आणि आपलं तेवढं मागे नेऊन ठेवायच्या.

एकदा त्यांनी मला थांबवलं. "मॅडम, येवडंच मागते. ह्या ढिगाला आग लावू देऊ नका."

"नाही लावणार कुणी. माझा शब्द."

शब्द द्यायला काय जातं? पौषात गयाबाईंची गेवराईची लेक बाळंत व्हायची होती म्हणून त्या तिकडे गेल्या, आणि नेमकी तपासणी समिती यायचं ठरलं. शेड चकाचक हवी. दत्ताने मला मागे नेऊन ढीग दाखवला आणि विचारलं, "ह्याचं काय करू?" माझ्या डोक्यात समितीचं जेवण, फुलांचे गुच्छ, बॅनरवरचा क्रम. मी म्हणाले, "टाक भट्टीत."

दत्ता लगेच हलला नाही. "बगा बरं का मॅडम," म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले.

त्या सकाळी धूर वर गेला नाही. धुराड्यातून निघाला, खाली उतरला आणि जमिनीलगत सरकत गावाकडे निघाला. थंडीत असं होतं, हवा वरून दाबलेली असते, हे मला माहीत आहे. पण तो गल्ल्यांतून गेला तो सावकाश, दारादारांशी थांबत गेल्यासारखा. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. पेठेतली एक म्हातारी उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि सुनेला म्हणाली, "तुज्या सासऱ्याच्या बिडीचा वास कुठनं येतोय गं?" तो माणूस दसऱ्यालाच गेला होता. मी घरी आले तर आमच्या स्वयंपाकघरात निलगिरीच्या तेलाचा वास भरलेला. घरात निलगिरीची बाटली नव्हती. कुठून आला असेल, याचा विचारही मी करू दिला नाही स्वतःला, आणि मुकाट्याने समितीच्या स्वागताला गेले.

चार दिवसांनी गयाबाई परतल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेडमागे गेल्या, रिकामी जागा पाहिली, आणि भट्टीतून काढलेल्या राखेशी येऊन बसल्या. चाळणी मागून घेतली. मी लांबून पाहत होते. त्या राख चाळत होत्या आणि एकेक वस्तू फडक्यावर मांडत होत्या: बटणं, पट्ट्याचं बकल, चष्म्याची वाकलेली दांडी. प्रत्येक वस्तू ठेवताना ओठ हलायचे. घरांची नावं घेत होत्या. शेवटी मी जवळ गेले, माफी मागायची म्हणून.

त्यांनी माझा हात धरून तळव्यावर चार काळे हूक ठेवले.

"तुमच्या आईच्या झंपराचे हायेत."

आई आमच्याकडेच असायची. उन्हाळ्यात गेली. दिवाळीची साफसफाई करताना मी तिचं कपाट रिकामं केलं होतं, दोन साड्या, चार झंपर, निलगिरीच्या तेलाचा डाग पडलेली उशी. मी स्वतः ते काळ्या पिशवीत भरलं होतं, गाठ मारली होती, वर वर्तमानपत्र कोंबलं होतं. नवऱ्यालाही बोलले नव्हते. गयाबाईंनी ते ओळखून बाजूला ठेवलं होतं, आणि रोज सकाळी मला नमस्कार करताना चेहऱ्यावर काही येऊ दिलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी टाकलं व्हतं की. टाकनाऱ्याला काय सांगायचं?"

मी तिथंच राखेत बसले आणि रडले. आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. गयाबाई चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "जालं ते जालं. मी गेले की माजं तेवडं बगा. मला दुसऱ्यांदा जाळू देऊ नका." या वेळी मी शब्द दिला नाही. मला तोंडच नव्हतं. नुसती मान हलवली.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या लेकीकडे गेवराईला गेल्या होत्या, तिथंच दोन दिवसांच्या तापाने गेल्या. मला हे डेपोवर कळलं, दत्ताकडून, आणि त्याच दमात त्याने पुढचं सांगितलं. गयाबाईंच्या भाड्याच्या खोलीला घरमालकाला नवा भाडेकरू मिळाला होता. त्याने सकाळीच खोली झाडून सगळं गाडीत भरलं होतं. आठवडी बाजाराचा दुसरा दिवस, गाडी दोन खेपांची, सगळा माल भट्टीसमोर एकत्र पडलेला आणि भट्टी पेटवायच्या बेतात.

मी भट्टी बंद करायला लावली. वरून फोन आला, तो घेतला नाही. दोन झाडूवाल्या बायांना बरोबर घेऊन ढिगात बसले. हातमोजे काढून ठेवले. वांगी, कांद्याची पात, लेकरांची डायपरं, आणि त्यात कपडे, कितीतरी कपडे. मी एकेकावर तळहात ठेवत गेले, डोळे मिटत गेले. काहीच कळेना. सगळं सारखंच गरम, सारखंच ओलसर. गयाबाईंची साडी मी सहा वर्षं रोज पाहिली होती, ती मला ओळखता येईना. दोघींनाही येईना. भाजीच्या चिखलात सगळ्यांचा रंग एकच झाला होता.

दुपार कलली तेव्हा मी दत्ताला म्हटलं, "खड्डा काढ. मोठा."

"कोनाकोनाचं पुरायचं, मॅडम?"

"सगळ्यांचं. आजचं जेवढं कापड आलंय तेवढं."

"ह्यात जित्या मानसांचंबी आसंल."

"असेल."

बाभळींच्या पलीकडे आम्ही ते खाली सोडत गेलो. शर्ट, परकर, टॉवेल, एक गोधडी. अर्ध्यात माझ्या हाताला एक पिवळा कुर्ता लागला. खिशापाशी शाईचा डाग. माझाच होता, त्याच सकाळी मी घरातून टाकलेला. पलीकडे दत्ता फावडं घेऊन थांबला होता. त्यानेही तो ओळखला, कारण त्याच कुर्त्यात मी दोन वर्षं त्याला रागावत आले होते.

"त्यो काडा वर," तो हळूच म्हणाला.

मी तो इतरांच्या मधोमध ठेवला आणि माती लोटायला सांगितलं.