नळाची पांढरी टेप

शालिनी गेली आणि आमच्या घरातले एकमेव भरवशाचे नाक गेले.

त्याला आज एक वर्ष झाले.

माझ्या पत्नीला दूध लागण्यापूर्वीच त्याचा वास येत असे. शेजारच्या घरात गॅस उघडा राहिला, तर भिंतीच्या अलीकडे तिला कळे.

आणि वीस वर्षांपूर्वी एकदा तिला पेट्रोलचा वास आला.

आम्ही आमच्या जुन्या मोटारीने श्रीरामपूरहून तिच्या माहेरी, सोनईला, निघालो होतो. तिच्या मांडीवर आमची सहा महिन्यांची नात झोपली होती. पणतीचे तोंड पाहण्यासाठी माझ्या सासूबाई सकाळपासून ओट्यावर येऊन बसल्या असणार.

देवळाली प्रवरा जवळ आले. गळीत हंगाम चालू होता. दोन्ही बाजूंच्या उसाला तुरे आलेले, आणि हवेत साखर कारखान्याच्या मळीचा तो जड, आंबूस-गोड वास.

आजही डोळे मिटले की तो रस्ता मला पाण्याच्या तळाशी पाहिल्यासारखा, हलता आणि सोनेरी दिसतो.

"अहो, थांबवा. पेट्रोलचा वास येतोय."

"मळीचा आहे."

"मळी मी जन्मापासून हुंगतेय. हे पेट्रोलच आहे."

"पेट्रोल असते, तर मला आला नसता का?"

"तुम्हाला काल समोरचा भात करपला तरी कळलं नाही. थांबवा म्हणते ना!"

मी थांबवली. ती बाळाला घेऊन उतरली आणि चांगली लांब, पाटाच्या कडेच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली.

"मी बसणार नाही आणि पोरीलाही बसू देणार नाही."

पुढे तिचेच माहेर होते. तिचीच आई वाट पाहत होती.

मी बॉनेट उघडले. पेट्रोलच्या पंपाला जिथे नळी जोडलेली असते, तो आट्यांचा जोड ओला होता. थेंब सुटत होता, तापलेल्या इंजिनावर पडत होता आणि पडताक्षणी नाहीसा होत होता.

तो जोड आदल्याच दिवशी मी स्वतः बसवला होता.

थोडासा ओलावा दिसला होता. स्वयंपाकघरातला नळ ज्या पांढऱ्या टेपने गळायचा थांबला, तीच टेप मी या आट्यांवर नीटनेटकी गुंडाळली होती. कोणाला विचारले नाही. आयुष्यभर इतरांच्या चुकांखाली लाल रेघ ओढणाऱ्या माणसाला विचारण्याची सवय नसते.

श्रीरामपूरकडे निघालेल्या एका टेम्पोवाल्याजवळ निरोप दिला. तासाभराने आमचे नेहमीचे मेकॅनिक, दाविद मिस्त्री, स्कूटरवरून आले. त्यांची मुले माझ्या वर्गात शिकली होती, म्हणून मी त्यांचा 'सर'.

त्यांनी जोड खोलला. आट्यांवर पांढऱ्या चिंध्या होत्या.

"सर, ही पान्याच्या नळाची टेप हाय," ते हळूच म्हणाले. "पेट्रोलला न्हाई टिकत. अन् पार टोकापासून गुंडाळलीय. तुकडा आत गेला आसता म्हंजे? कुनी केलं हे?"

माझी नजर चिंचेकडे गेली.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, चिंचेकडे पाहिले आणि चिंध्या खिशात घातल्या. मग मोठ्याने म्हणाले, "वहिनी, जोड ढिला झाला हुता! जुनी गाडी हाय, हुतं आसं!"

मीही मान डोलावली.

त्यांनी तारेच्या ब्रशने आटे साफ केले, कोरडे पुसले आणि पेट्रोलला टिकणारे सीलंट बोटाने लावले. पहिले दोन आटे मात्र मोकळे सोडले. एका पान्याने पंपाकडची बाजू धरली, दुसऱ्याने जोड आवळला.

"लई जोर न्हाई करायचा, सर. फाटतं. आता दोन तास गाडीला हात लावायचा न्हाई. सुकू द्या."

ते दोन तास मी अजून जगतो आहे.

पाटाचे पाणी वाहत होते. मिस्त्री स्कूटरला टेकून पेंगत होते. बाळाच्या तोंडावर चिंचेच्या बारीक पानांची सावली हलत होती, आणि शालिनी पदराने माश्या वारत होती. मला एकच वाक्य बोलायचे होते. मी ते मनात रचले, मोडले, पुन्हा रचले.

अखेर म्हणालो, "ऊस यंदा बरा आहे."

"हो," ती म्हणाली.

मग गाडी सुरू केली. मिस्त्रींनी माझ्या खिशातला खडू मागून घेतला आणि जोडाभोवती घासला. खडू पांढराच राहिला; कुठे ओल नव्हती.

"वहिनी, या. तुमी नाक लावल्याबिगर मी न्हाई सोडायचो."

तिने वाकून वास घेतला.

"आता मळीचा येतोय," ती म्हणाली.

त्यानंतर वर्षानुवर्षे, बॉनेट उघडले की मिस्त्री तिला हाक मारत. ती पिठाचे हात घेऊन बाहेर येई, वाकून हुंगे आणि माझ्याकडे बघत म्हणे, "मळीचा येतोय." सगळे हसत. मीही हसे.

तेव्हा सोनईहून परतल्यावर मी टेपचे उरलेले रीळ टाकून द्यायला हत्यारांच्या पेटीत शोधले होते. सापडले नाही. कुठेतरी पडले असेल, असे समजून सुटलो.

गेल्या महिन्यात शर्टाचे बटण लावायला तिचा शिवणाचा डबा उघडला.

तळाशी ते रीळ होते. सुटे टोक दुमडून त्याला टाचणी लावलेली.

तिने मला कधीही विचारले नाही. फक्त ते माझ्या हाताला लागणार नाही, अशा जागी ठेवले.

काल मी तो जोड मिस्त्रींच्या पद्धतीने पुन्हा नव्याने बसवला, कारण आज नात स्वतः तीच जुनी गाडी चालवत मला सोनईला नेणार आहे. सकाळी खडू घासला. पांढराच राहिला. तरी मी बॉनेट न लावता दाराकडे बघत उभा होतो.

नात आली, न सांगता वाकली. "आजोबा, काहीच वास नाही येत."

शालिनी, ती टेप मी लावली होती. तुझ्या आणि बाळाच्या जिवाशी मी खेळलो आणि ते लपवले. चूक माझी होती.

चिंच अजून तिथेच आहे. आज तिथे गाडी थांबवून हेच मोठ्याने म्हणणार आहे.

तुला माझा वाकून नमस्कार.