मोंबासाच्या कसाव्याबाबत विनंती

अर्जदार: मी स्वतः, तालुका कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा. जाब देणार: माझी पत्नी कुंदा. साक्षीदार: कन्या मेघना. ठिकाण: अमेरिकेतील शॉमबर्ग येथील तिचे स्वयंपाकघर. तिथी: संकष्टी चतुर्थी.

आज मेघना कसावा नावाच्या कंदाचे काप तळीत असता त्या वासासरशी मी अनेक वर्षांमागच्या, आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरात जाऊन पोहोचलो. भाच्याच्या लग्नासाठी आम्ही उभयता तेथे गेलो होतो आणि त्या दिवशीही संकष्टीच होती. खानावळीखानावळीतून बिर्याणीचा वास येत होता, म्हणून आम्ही समुद्रकाठी गेलो. तेथे एक बाई कढईतून कुरकुरीत काप काढून त्यांवर लिंबू पिळीत व तिखटमीठ भुरभुरीत होती.

"अहो, कंद आहे. उपासाला चालेल," कुंदा म्हणाली.

"ज्या कंदाची आपल्या घराण्याला ओळख नाही, तो चालणार नाही," असा निर्णय मी दिला. तिने पुडा घेतला. मी खारा वारा खात, चंद्रोदयापर्यंत तिच्या दातांखालचा आवाज ऐकत बसलो.

"बाबा, साबुदाणा ह्याच कंदाचा करतात. मी चेक केलं," मेघना आज म्हणाली. म्हणजे त्या दिवशी सकाळी डब्यातला साबुदाण्याचा चिवडा मी पोटभर खाल्ला होता, तो ह्याच घराण्यातला. मी बशीकडे हात नेला, तोच कुंदाने ती आपल्याकडे ओढली.

"थांबा. ओळख कुठे झालीय अजून?"

तरी सदर ओळख आज रोजी झाली असे मानून, काप निवण्यापूर्वी बशी अर्जदारापुढे ठेवावी. लेखी उत्तराची आवश्यकता नाही. लिंबू मात्र पिळावे, ही विनंती.