झोप न येणारं यंत्र

अंबडच्या बसस्टँडमागे रेडिओ दुरुस्त करणारा तो माणूस डोळे मिटून, कानानंच बिघाड शोधायचा. टाकीत पाणी किती आहे ते बिनतारी कळवणारं माझं यंत्र दोन सेलवर वर्षभर चालेल, अशी बढाई मी, कॉलेजातल्या प्राध्यापकानं, मारली होती. आठ दिवसांत ते बंद पडलं, म्हणून मी ते त्याच्याकडे नेलं.

त्यानं नवे सेल टाकून ते चालू रेडिओजवळ धरलं. रेडिओतून सारखी टकटक यायला लागली.

"सर, हे तर दर सेकंदाला बोलून राह्यलं. टाकी इतक्या जल्दी भरती का? झोपू द्या की मंग त्याला."

काम नसताना चिपला झोपवून सेल वाचवायचे कसे, हे मी वर्गात शिकवायचो. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये विसरलो होतो. तेवढं सुधारल्यावर सेल वर्षभर पुरले. लोक कौतुक करायला लागले, तेव्हा तोच म्हणाला, "सरांचं डोकं बिलकुल तेज आहे."

तो थट्टा करत नव्हता. मीही नम्रपणे मान झुकवून ते कौतुक घेतलं.