मेहनती मुलगा आणि तिवारीजींची भिंत

माझ्यासाठी स्थळं बघताना आई सगळ्यांना ‘मुलगा फार मेहनती’ असं सांगायची. रूप, उंची आणि हुद्दा यांबद्दल बोलण्यासारखं काही नसलं, की आपल्याकडे माणूस आपोआप मेहनती होतो! आमच्याच शहरातल्या राइट टाउन वस्तीतल्या सुनंदाच्या घरीही तिनं हेच कळवलं होतं. सुनंदा मला इतकी आवडली होती की तिचा फोटो मी उशीखाली ठेवून झोपत असे.

त्या रविवारीही सकाळी दहाला, चेरीतालच्या आमच्या घरी, मी त्याच उशीवर (मेहनतीनं) घोरत होतो. आई धावत आली.

“अरे ऊठ! सुनंदाचे बाबा फाटकात उभे आहेत! न कळवता आले!”

“मग मी काय करू?”

“काहीही कर, पण करताना दिस!”

मी मागच्या दारानं अंगणात पळालो. चष्मा खाटेवरच राहिला. कुंपणापाशी चुन्याची बादली आणि दोन ब्रश दिसले. देवच पावला! कुंपणाच्या भिंतीवर मी सपासप चुना मारू लागलो. सुनंदाचे बाबा आले आणि बघतच राहिले.

“रविवारीही काम करून राहिले तुम्ही?”

“रिकामं बसवतच नाही जी मला!”

झालं! बाबांनी बाह्या सरसावल्या आणि दुसरा ब्रश उचलला. तासाभरात भिंत पांढरीशुभ्र! (मला घाम आला. आधी वाटलं, तापच आला!) इतक्यात कुंपणापलीकडून शेजारच्या तिवारीजींची किंकाळी आली.

“अरे भैया, ये क्या कर दिया! कल ही तो गुलाबी करवाई थी मैंने अपनी दीवार!”

मी गारच पडलो. तिवारीजी थांबले नाहीत.

“और ये कब से काम करने लगा? ये तो अपनी बाल्टी तक नहीं उठाता!”

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या ब्रशकडे. सुनंदा गेली हातची! मला खरंच रडू येत होतं.

“आमची सुनंदा मेहनती आहे, असं आम्हीही कळवलं होतं ना?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो जी.”

“मी निघालो तेव्हा झोपूनच होती ती.”

लग्न झालं. तिवारीजींची भिंत पुन्हा गुलाबी करायला सासरे एकटेच आले.

परवा आमच्या मुलासाठी स्थळाची चौकशी आली.

“मुलाबद्दल काय लिहायचं हो?” सुनंदानं पडल्या पडल्या विचारलं.

“मेहनती, लिहून टाक,” मी कूस बदलत म्हणालो.

“तुम्हीच लिहा ना!”

कागद अजून कोराच आहे.