शेकानंतरची पहिली एसटी

जळगाव जामोदच्या स्टँडवर एसटीत चढले तेव्हा सातपुड्यावर अजून धुकं होतं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, त्यानंतरचे शेक (रेडिएशनला आमच्याकडे हेच म्हणतात) संपले, आणि त्यानंतरचा हा माझा पहिला प्रवास. धाकटी बहीण सुमन दुसरबीडला असते. तिच्या लेकीला, विद्याला, मुलगा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी बारसं होतं. आमच्या ह्यांनी खिडकीची जागा मला दिली आणि पाण्याची बाटली मात्र स्वतःच्या मांडीवर ठेवली.

त्याला कारण होतं. अकोल्याला शेक घेताना आधी पाणी पिऊन मूत्राशय भरून ठेवावं लागे, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणं त्यांना कमी लागतात. ओटीपोटावर गोंदणासारखे बारीक ठिपके काढले होते. त्या खुणा धरून मशीन माझ्याभोवती फिरायचं. दुखायचं काहीच नाही. शेवटी आतून शेक दिला. योनिमार्गात एक नळी बसवायची, थोड्या मिनिटांनी काढून घ्यायची. त्रास झाला तो हळूहळू, मागाहून. जुलाब, लघवीला जळजळ, आणि दुपारी भिंत धरून चालावं असा थकवा. आता ते सगळं ओसरलं होतं. लघवीची घाई तेवढी मागे राहिली होती.

खामगावला गाडी बदलली. मेहकरचा रस्ता चढू लागला. दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुललेली, मध्ये कापूस वेचणाऱ्या बायका. मी मजेत बघत होते आणि घाई आलीच. कंडक्टर एक तरुण बाई होती. तिकिटं आटोपून ती माझ्याजवळ थांबली.

"काकू, तोंड काऊन (का) उतरलं?"

मी तिच्या कानात सांगितलं. तिनं लगेच बेल ओढली. मागून एक गृहस्थ कुरकुरले, "एसटी हाय का घरची गाडी?"

"तुमच्या मायले लागली असती तं असंच म्हनले असते का?"

असं सुनावून कंडक्टरीणबाईंनी मला हात धरून खाली उतरवलं. समोरच्या शेतातल्या घरी संडास होता. तिथल्या बाईनं काही न विचारता बादली भरून दिली. "जा माय, घाई नोको करू," म्हणाली आणि निघताना हातावर दोन पेरू ठेवले. बियांचं अजून मला सोसत नाही, म्हणून ते कंडक्टरीणबाईंना दिले. त्यांनी एक ड्रायव्हरला दिला.

मेहकर मागे पडलं की बोली वळते. आमचं 'मले' तिकडे 'मला' होतं. दुसरबीडला सुमननं सगळ्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) वाढली, मला मुगाची मऊ खिचडी. ह्यांच्या ताटातला भाकरीचा एक तुकडा मी हळूच उचललाच.

बारशाला सुमननं मला पाळण्याशी बोलावलं. तेवढ्यात तिच्या विहीणबाई, देऊळगावराजाच्या कौसल्याबाई, मध्ये आल्या.

"ताई, तुम्ही नका घेऊ. शेक घेतलेल्या अंगानं लेकराला बाधतं म्हणतात."

माझे कान तापले, पण आवाज चढवला नाही. "हेच मी डॉक्टरांना विचारलं होतं," मी म्हटलं. "मशीन बंद झालं की किरणं थांबली. आतली नळी काढली की तेही संपलं. माझ्या अंगात काही उरलेलं नाही."

विद्या उठली आणि तिनं बाळ सरळ माझ्या हातात दिलं. "घ्या मावशी." त्यानं जांभई दिली. सगळ्या हसल्या. कौसल्याबाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी त्या मला परसात घेऊन गेल्या. तुळशीशी उभ्या राहून कितीतरी वेळ पदराचं टोक पिळत होत्या.

"पाळी जाऊन लई वर्षं झाली, ताई. पावसाळ्यापासून परत डाग लागतायत. शरमेनं कुणाला बोलले न्हाई. तुम्हाला बघितलं आन् भ्या वाटलं."

दुपारचा माझा राग तिथेच विरला. "माझंही असंच सुरू झालं होतं. मी लगेच दाखवलं, म्हणून आज बारशाला आले."

"शेकानं लई भाजतं का?"

"आधी तपासू तर द्या. सगळ्यांचं तेच निघत नाही. उद्या माझ्याबरोबर बुलढाण्याला चला."

सकाळी आम्ही मेहकरचा रस्ता सोडून चिखलीवरून बुलढाण्याला गेलो. सोबत त्यांचा मुलगा होता. त्याला आईनं रात्रीच सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, आतला छोटा तुकडा तपासायला घेतला. कौसल्याबाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. बाहेर येऊन त्यांनी पहिल्यांदा पोटभर नाश्ता केला.

राजूर घाट उतरून आम्ही अंधार पडायच्या आत घरी पोचलो. पाय भरून आले होते, पण मन हलकं होतं.

रिपोर्ट आल्यावर त्यांचा फोन आला. "ताई, साधी गाठ हाय! काढली की झालं म्हणाल्या."

फोन ठेवून मी बराच वेळ ओट्यावर उन्हात बसले. माझ्या दुखण्याबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात. मीही तशीच बोलायची. आता कुणी विचारलं, तर चारचौघींत, मोठ्यानं सांगते.