लाल काठाचं जास्वंद

त्या वर्षांत मी पोलादपूरला घरीच फॉल-पिको करायची. दिवसभर मशीन, मग पाणी, मग स्वयंपाक. रात्री कुणाशी बोलायचंसुद्धा जिवावर यायचं. तरी आमच्या महिला मंडळाने महाडच्या मेळाव्यासाठी कापडी फुलांचा पडदा करायचं ठरवलं, तेव्हा हो म्हणून बसले.

बायकांनी जुने कपडे आणून दिले. विटलेले परकर, पोरींचे फाटके फ्रॉक, दुबईहून आलेली पण इस्त्रीने जळलेली एक ओढणी. मी पाकळ्या कापायची, बाकीच्या टाके घालायच्या. कशेडी घाटाकडच्या एका म्हातारीने हिरवं लुगडं आणलं. पार विरलेलं, पण लाल काठ शाबूत होता. त्या काठाचं मधलं मोठं जास्वंद झालं.

मेळाव्यात पडदा आमदारसाहेब आणि इतर पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे टांगला. भाषणं लांबली. आम्ही सतरंजीवर पेंगत होतो. शेवटी आयोजक माइकवरून म्हणाले, "हा पडदा महिलांतर्फे साहेबांना भेट!"

टाळ्या वाजल्या. मला वाटलं, जाऊ दे. भांडायला अंगात त्राण कुठे होतं?

म्हातारी मात्र उठली. "मला कोनी इचारलं? ह्या लुगड्यात मी घाटात खडी फोडलीय. पोटुशी व्हते तवा पन हेच नेसलेलं. नाय द्यायचं."

"आजी, तुम्हाला नवं लुगडं देऊ," आयोजक हसले.

"नवं नको. माझं हाय ते द्या."

साहेबच ओशाळून म्हणाले, "राहू द्या, त्यांचा आहे." मग मी खुर्चीवर चढून दोऱ्या सोडल्या. गाठ सुटता सुटेना.

परतीच्या एसटीत म्हातारी बसल्या बसल्या झोपली. पडदा आमच्या मांड्यांवर पसरला होता. "आता ठेवायचा कुठं गो?" एकीने विचारलं. एवढी मोकळी भिंत कुणाकडेच नव्हती. ज्या घरी बारसं किंवा डोहाळजेवण असेल तिथे टांगायचा, असं ठरलं.

तसा तो बरीच वर्षं फिरला. पावसाळ्यात बुरशी धरायची, मी पाकळ्या बदलायची. पुढे डोळे दुखायला लागले, तेव्हा म्हातारीची सून येऊन पडदा दुरुस्त करायला घेऊन गेली. महिन्याने दाखवायला आणला. टाके मोठे, वाकडे पडले होते.

"जमलंय का?" तिने विचारलं.

"जमलंय," मी म्हटलं आणि चहा टाकला.